मान जरा डावीकडे

सकाळी सव्वासहाला, डाव्या पायात मोजा चढवण्यासाठी कारागीर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

तो दूध आणायला निघाला होता. साथीमुळे दुकानं थोडाच वेळ उघडी असत आणि रांग लवकर लागे. बायको चहा गाळून बाहेर आली, तेव्हा तो खुर्चीची पाठ धरून, नाक गुडघ्याशी नेऊन उभा होता.

"काय शोधताय खाली?"

"कंबर."

"चेष्टा पुरे. रांग वाढेल."

"चेष्टा नाही गं. इथेच कुठेतरी तुटून पडलीय."

तिने त्याला खांद्याला धरून सरळ करायचा प्रयत्न केला. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीवरून थेट अंगठ्यापर्यंत गेली आणि कारागीर असा ओरडला की वरच्या मजल्यावरचं बाळ जागं झालं.

तो केस कापत असे. सलूनमध्ये केस कापणाऱ्याला कारागीरच म्हणतात, पण त्या वस्तीत नुसतं 'कारागीर' म्हटलं की हाच. मिसरूड फुटल्यापासून तो लोकांच्या मागे उभा होता. साथ आली, सलूनं बंद झाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो घरात बसला. त्याचं म्हणणं, बसल्यामुळे कंबर बिघडली. बायकोचं म्हणणं, ती आधीपासूनच बिघडलेली होती, दुखणं काढायला सवड नव्हती इतकंच.

तासाभराने रुग्णवाहिका आली. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली, आणि त्यांना बघताच इमारतीच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. कारागिराच्या बायकोला ते सहन झालं नाही. ती जिन्यातून ओरडली, "कंबर आहे हो, कंबर! ताप नाही, खोकला नाही! नुसती कंबर!"

समोरच्या काकूंनी खिडकी बोटभर उघडली. "नक्की ना?"

"तुम्हीच बघा की! शिंकतायत का ते?"

नेमकी तेव्हाच कारागिराला शिंक आली. शिंकेमागोमाग किंकाळी. खिडकी बंद झाली.

रुग्णालयात आधी नाकातला नमुना. नमुना घेणाऱ्या मुलीने कांडी हातात धरून सांगितलं, "वर बघा."

"वर बघता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?"

मुलीने क्षणभर विचार केला, जमिनीवर मांडी घातली आणि खालून नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. साथीची लागण नव्हती. मग फोटो काढले, मोठ्या नळीसारख्या यंत्रात घालून मणका बघितला, आणि त्याला मागच्या बाजूच्या दोन खाटांच्या खोलीत हलवलं. भेटायला कुणालाही परवानगी नव्हती. बायकोने दारावरच्या पहारेकऱ्याकडे एक पिशवी ठेवली. तिच्यात कपडे, चार्जर आणि त्याची कात्री होती. कात्री कशाला, असं त्याने फोनवर विचारलं तर म्हणाली, "तुमचे हात रिकामे राहिले की तुम्ही नखं खाता."

हाडांचे मोठे डॉक्टर दारातूनच बोलत. चष्मा, मास्क, वर काचेसारखी ढाल, डोक्यावर टोपी. फक्त टोपीच्या मागून, मानेवर, करड्या केसांचा एक आकडा बाहेर आलेला असे. कारागिराची नजर तिथून हटत नसे.

"दोन मणक्यांमधली गादी सरकलीय. ती नसेवर दाब देतेय. अशी बहुतेक दुखणी चाकू न लावता बरी होतात. आणि भूल देणारे सगळे सध्या खाली साथीच्या वॉर्डात आहेत, त्यामुळे मलाही घाई नाही. पण हा अंगठा..." डॉक्टर आत आले आणि त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "वर ओढा."

अंगठा थरथरला आणि आडवा पडला.

"हा मला पसंत नाही. याच्यात जोर येत गेला तर औषधं, वजनं, व्यायाम एवढ्यावर घरी सोडतो. जोर कमी झाला तर मात्र थांबणार नाही."

"आणि दुकान?"

"कसलं दुकान?"

"सलून."

डॉक्टरांचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला. "उभं राहायचं काम. ते जरा... बसून करता येईल असं काही बघा."

"बसून केस कापतात होय?"

डॉक्टर पुढच्या खोलीकडे वळले. ते गेल्यावर शेजारच्या खाटेवरून खणखणीत आवाज आला. "आमच्यासारखं चौकात उभं राहा की! शिट्टी आम्ही देतो."

शेजारी वाहतूक हवालदार होता. साथीच्या बंदोबस्तात लोखंडी अडथळा एकट्याने उचलायला गेला आणि कमरेत चमक भरली. दोघांनाही एकच उपचार होता. कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्या खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली, आणि त्यांना लटकवलेली वजनं. मणके एकमेकांपासून जरा लांब ओढले जावेत म्हणून. हवालदाराचं त्यावर मत होतं. "कपडे वाळत घातल्यासारखं घातलंय आपल्याला. चिमटे तेवढे लावायचे राहिले."

हवालदाराचे केस कॉलरच्या खाली उतरले होते. कारागीर भिंतीकडे तोंड करून झोपे, ते कळेमुळे नव्हे.

तिसऱ्या दिवशी व्यायामाच्या ताई आल्या. त्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर होत्या, पण वॉर्डात सगळे ताईच म्हणत. त्यांचेही फक्त डोळे दिसत. वजनं उतरवली, शेक दिला, पाय वर करून बघितले, आणि मग कारागिराला खाटेचा कठडा धरून उभं केलं.

"आता मला दाखवा, तुम्ही काम कसं करता. ही उशी म्हणजे डोकं. कापा."

ताईंनी उशी छातीशी उभी धरली. कारागिराने दोन बोटांची कात्री केली. पुढचे केस झाले. मग तो उशीच्या डावीकडे झुकला, डावा खांदा पाडला, गुडघे ताठ ठेवले, कंबर मुरडली आणि उशीची मानगूट दिसावी म्हणून डोकं उशीच्या खाली नेलं.

"आई गं!"

"धरा, धरा कठडा. हळू. कळलं मला." ताईंनी त्याला खाटेवर टेकवलं. "उशीला का नाही वळवलं?"

"उशी म्हणजे गिऱ्हाईक ना?"

"बरं मग?"

"गिऱ्हाइकाला कसं वळवणार?"

हे ताईंना समजायला वेळ लागला. कारागीर ज्यांच्या हाताखाली शिकला, त्या उस्तादांचा एक नियम होता. खुर्चीत बसलेल्या माणसाला हलवायचं नाही. इतर सलूनवाले दोन बोटांनी डोकं इकडेतिकडे करतात, खुर्ची खालीवर करतात. उस्तादांना ते मंजूर नव्हतं. ते म्हणायचे, माणूस आपल्या खुर्चीत डोळे मिटून पडला पाहिजे. जे काही वाकणं, वळणं असेल ते आपण करायचं. कारागिराने तो नियम उस्तादांपेक्षाही कडक पाळला. त्याच्या खुर्चीखालचा पंप कधी वापरलाच नव्हता. त्याच्याकडे लोक केस कापून घ्यायला येत आणि झोपून जात. काही तर केस वाढलेले नसतानाही येत.

"म्हणजे इतकी वर्षं," ताई म्हणाल्या, "रोज, प्रत्येक माणसाभोवती, तुम्ही असे वाकडे होताय?"

"काम आहे ते."

"तुमचं दुखणं मणक्यात नाही हो. भिडस्तपणात आहे."

हवालदार हसला आणि हसताना चमक भरून विव्हळला. "अगं आई... ताई, विनोद करू नका... वजनं हलतात."

"यापुढे खुर्ची वर घ्यायची," ताई म्हणाल्या. "पाय जवळ नाही, एक पुढे एक मागे. आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, मान डावीकडे करा, मान खाली करा."

कारागीर पुन्हा खाटेवर आडवा झाला. ताई गेल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "मग माझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?"

"फरक हाच," हवालदार म्हणाला, "की ते उभे आहेत आणि तू आडवा."

त्यानंतरचे दिवस मजेत गेले, असं रुग्णालयाबद्दल बोलणं बरोबर नाही; पण गेले. सकाळी गोळ्या आणि शेक, मग वजनं, मग व्यायाम. पालथं पडून छाती उचलायची, उताणं पडून कंबर उचलायची, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. ताई विचारायच्या, "किती वेळ उभं राहता आलं?" कारागिराला मिनिटांत सांगता येत नसे.

"एक कल्ला."

"म्हणजे?"

"एका बाजूचा कल्ला कापून होईल इतका वेळ."

दोन दिवसांनी तो दोन्ही कल्ले आणि निम्म्या मानेपर्यंत आला. सगळ्या मजल्यावर ही मोजणी पसरली. सकाळच्या सिस्टर तापमान घेताना विचारायच्या, "काय, मानेपाशी पोचलात का?" पूर्ण एक डोकं झालं की घरी, असं ताईंनी ठरवून टाकलं.

आणि हुकूम द्यायची शिकवणी हवालदाराकडे लागली.

"लाजायचं काय त्यात? इकडे बघ." हवालदाराने पडल्या पडल्या हात वर केला आणि गरजला, "थांब!"

बाहेरून जेवणाची ट्रॉली ढकलत चाललेले मामा जागच्या जागी थबकले. ताटं खळखळली.

"बघितलंस? काय केलं मी? हात दाखवला. जा हो मामा, तुम्ही जा. आता तू."

कारागिराने हात वर केला. "मामा... जरा थांबता का, जमत असेल तर?"

मामा ट्रॉली सोडून आत आले. "बोला, काय हवंय?"

"नापास!" हवालदार म्हणाला. "चौकात असं बोललास तर पाच गाड्या अंगावर चढतील आणि सहावा पत्ता विचारेल!"

त्याच संध्याकाळी बायकोचा फोन आला. ती इतक्या जोरात बोलत होती की हवालदाराने आपल्या फोनवरची गाणी बंद केली.

"ऐकलं का? सोमवारपासून सलूनं उघडणार! बातम्यांत सांगितलं. आणि खाली माणसं येऊन विचारतायत, कारागीर कधी येणार. एकाने तर केसांना रबर लावलंय, शाळेतल्या मुलीसारखं."

"माझा अंगठा अजून..."

"अंगठ्याने कापता का केस?"

"उभा राहतो ना त्याच्यावर."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर ऑपरेशनचं काही म्हणाले?"

"रोज बघतात. काल थोडा वर आला होता. आज सकाळी ते गडबडीत होते."

"दुकान पळून जात नाही. तुम्ही नीट उभे राहून या."

पण कारागिराला माहीत होतं, दुकान पळून जात नसलं तरी गिऱ्हाईक जातं. चौकापलीकडचं सलून सोमवारी सकाळी उघडणार होतं आणि तिथल्या पोरांच्या कमरा शाबूत होत्या. आणि तो परत गेला तरी आता लोकांच्या माना वळवणार होता. मग गिऱ्हाइकांनी चौकापलीकडे जाणं काय वाईट?

शनिवारी ताईंनी मोठ्या डॉक्टरांकडून परवानगी आणली आणि चाचणी ठरली. डोकं अर्थातच हवालदाराचं. व्यायामाच्या खोलीत बटण दाबलं की वर जाणारं टेबल होतं. त्याच्या कडेवर हवालदार बसला. गळ्याभोवती खाटेची चादर. कात्री सिस्टरने स्वतः औषधाच्या पाण्यात बुडवून आणली. खिडक्या सगळ्या उघड्या, तोंडं सगळी झाकलेली. ताईंनी बटण दाबलं आणि हवालदार संथपणे वर गेला.

"आयला," तो म्हणाला, "बढती मिळाली."

ताईंनी कारागिराच्या कमरेवर पंजा ठेवला. "इथे वाकायचं नाही. बोलायचं."

कारागिराने घसा साफ केला. डावा कान जवळ आला होता. कंबर आपोआप मुरडायला निघाली आणि ताईंचा पंजा घट्ट झाला.

"मान डावीकडे!" कारागीर मोठ्याने म्हणाला.

हवालदार हुकमाबरहुकूम इतक्या झटक्यात वळला की कानावरची अख्खी बट कात्रीत गेली.

बट चादरीवर पडली होती. कारागिराने उभ्या आयुष्यात असं कधी केलं नव्हतं.

"काय झालं?" हवालदाराने विचारलं. "मी तर कायदा पाळला."

"इथे... खिंडार पडलंय."

"मग बाकीचं त्याच्या मापाचं कर. मला कोण बघतंय? टोपी असते वर."

कारागिराने दीर्घ श्वास घेतला. चौकातला आवाज आपल्या कामाचा नाही, हे त्याला उमगलं. त्याने आवाज खाली आणला, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना असतो तेवढा. "हळू... मान जरा डावीकडे. अजून थोडी. हं. बस." आणि हवालदाराचं ते मोठं डोकं सावकाश वळून बरोबर तिथे आलं, जिथे ते यायला हवं होतं.

"आता खाली. हं."

त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच हवालदार गप्प झाला. झोपला मात्र नाही. डोळे उघडे ठेवून तो पुढच्या सूचनेची वाट बघत होता, आणि कारागिराच्या ते लक्षात आलं. हात न थांबवता त्याने ते गिळलं. उजवा कान, मागची रेघ, मग कंगव्याने वरचे केस उचलत उचलत शेवटची कापणी. कळ आली, थांबली, परत आली. पण तो सरळ होता.

"एक डोकं!" सिस्टर ओरडली आणि हातमोज्यांनी टाळ्या वाजल्या, फटफट अशा. हवालदाराने फोनच्या कॅमेऱ्यात बघितलं, डोकं डावी-उजवीकडे फिरवलं आणि म्हणाला, "बायको ओळखणार नाही. बरंच झालं."

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. अंगठा वर आला. पुरता नाही, पण आला. त्यांनी बोटाने दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं.

"उद्या घरी. दर मंगळवारी दाखवायला यायचं. आणि एक लक्षात ठेवा, ऑपरेशन मी रद्द केलेलं नाही. पुढे ढकललंय."

रविवारी दुपारी कारागीर आपल्या पायांनी जिना चढला. समोरच्या काकू खिडकीत उभ्या होत्या, खिडकी सताड उघडी. बायको दारात होती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"उंच झालात का तुम्ही?"

"इतकाच होतो. वाकून हिंडत होतो."

ती हसली, आणि मग पदराने नाक पुसत स्वयंपाकघरात गेली.

सोमवारी दुकान उघडलं. खुर्चीच्या पंपाला बायकोने सकाळीच तेल घातलं होतं; तरी पहिल्यांदा पाय मारल्यावर तो म्हाताऱ्या माणसासारखा कण्हला. बाहेर माणसं अंतर ठेवून उभी होती. कुणाचे केस कानावर, कुणाचे डोळ्यांवर, आणि तो रबरवाला सगळ्यांत पुढे. बायको दारात उभी राहून हातांवर जंतुनाशक औषध देत होती आणि एकेकाला आत सोडत होती. मास्कच्या दोऱ्या कानामागे असल्यामुळे कल्ल्यापाशी हात अडत होता, पण त्याचीही सवय होत गेली.

"मान जरा डावीकडे," कारागीर म्हणाला.

रबरवाल्याने डोळे उघडले. "कारागीर, तुम्ही बोललात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं झालं. मला वाटलं, माझ्यावर चिडलात."

त्या दिवशी कुणीही झोपलं नाही. पण कुणी चौकापलीकडेही गेलं नाही. माणसं बोलत होती, इतक्या दिवसांचं साठलेलं, आणि कारागीर, जो आजवर फक्त ऐकत असे, मधूनमधून उत्तर देत होता. दुपारी बायकोने जेवायला बोलावलं तर म्हणाला, "हे एक डोकं होऊ दे." ती म्हणाली, तुमच्या आवाजात हवालदार शिरलाय.

मंगळवारी तो दाखवायला गेला नाही. गर्दी आहे, असं बायकोला सांगितलं. गर्दी होतीच. पण त्या सकाळी मोजा चढवायच्या आधी त्याने खाटेवर बसून अंगठा वर ओढून बघितला होता. तो वर आला, की आल्यासारखा वाटला, हे त्याला ठरवता आलं नव्हतं. मग त्याने मोजा चढवून टाकला.

बुधवारी चारच्या सुमाराला रांगेत एक उंच गृहस्थ उभे होते. चेहरा मास्कमध्ये, अंगात साधा शर्ट. कारागिराने ओळखलं नाही. ते खुर्चीत बसले, पाठ त्याच्याकडे झाली, आणि मानेवरचा करडा आकडा दिसला.

"डॉक्टर, तुम्ही?"

"किती महिने झाले बघा," मोठे डॉक्टर म्हणाले. "टोपीत मावत नाहीत आता."

कारागिराने पंपावर पाय मारला. डॉक्टर वर गेले. त्याने चादर बांधली, कंगवा फिरवला, पाय पुढे-मागे ठेवले.

"मान खाली."

डॉक्टरांनी हनुवटी छातीला टेकवली. दारात बायकोचा हात औषधाच्या बाटलीवर थांबला.

"काल आला नाहीत," डॉक्टर चादरीकडे बघत म्हणाले.

"गर्दी होती."

"अंगठा?"

कात्री दोन वेळा वाजली. करडा आकडा जमिनीवर पडला.

"अंगठा कसा आहे, विचारतोय मी," असं म्हणत डॉक्टर डोकं वर करू लागले.

"मान हलवू नका," कारागीर हलक्या आवाजात म्हणाला. "जरा डावीकडे. अजून थोडी. हं. बस."

डॉक्टर डावीकडे वळले आणि तसेच राहिले. निम्मं डोकं झालं होतं, निम्मं बाकी होतं, आणि कारागीर दोन्ही पायांवर सरळ उभा होता.